कायदा, नीती, राजकारण : हे ज्युरिसप्रुडन्स वाचायचं तरी कसं?

अर्धाचमचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून लॉ करतोय. बाकीच्या विषयांचं काही नाही, कलमं पाठ करा, पेपरात ओका, मोकळे व्हा. पण यावेळी ज्युरिसप्रुडन्स (म्हणजे कायद्याचं तत्त्वज्ञान) आलाय, आणि डोकं भणभणलंय. वर्गात ऑस्टिन पंधरा मिनिटांत उरकला. कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, मागे शिक्षेचा धाक, पाच मुद्दे लिहा. मग हार्ट आला, तो म्हणतो ही तर बंदूक रोखून 'पैसे काढ' म्हणणाऱ्या दरोडेखोराची व्याख्या झाली. मग नॅचरल लॉवाले (अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे म्हणणारे), मग केल्सन, मग ड्वॉर्किन. प्रत्येकजण आधीच्याला खोडतो आणि मला वाचताना प्रत्येकाचं पटतं, म्हणजे मला काहीच कळलेलं नाहीये.

माझं आत्ताचं मत लिहितो, झोडपा. पॉझिटिव्हिस्ट म्हणतात की कायदा काय आहे हा एक प्रश्न आणि तो चांगला आहे का हा दुसरा, दोन्ही वेगळे ठेवा. मला ही सरळ पळवाट वाटते. 'मी फक्त कायदा सांगितला, बरंवाईट तुमचं तुम्ही बघा' असं म्हणून हात झटकायची सोय. आणि राजकारण यात कुठे बसतं? आमच्या पुस्तकात त्याचं प्रकरणच नाही.

तर कुठून सुरुवात करू, कशानंतर काय वाचू, आणि हे वाचून माणूस सुधारतो का?

तिरकस

सुधारत नाही. पुढचा प्रश्न.

निशाचर

तिरकसराव नेहमीप्रमाणे पहिल्या बॉलवर.

अर्धाचमचा, एक गैरसमज आधीच काढून टाका. पॉझिटिव्हिझम म्हणजे सकारात्मक विचार नव्हे (हसू नका, आमच्या वर्गात एकानं खरंच असं लिहिलं होतं). पॉझिटिव्ह म्हणजे घालून दिलेला. माणसांनी घालून दिलेला कायदा, आकाशातून पडलेला नाही. एवढाच दावा आहे. ऑस्टिनचं पुस्तक १८३२ चं, आणि त्यात तो स्वच्छ म्हणतो की कायदा असणं ही एक गोष्ट आणि त्याचं बरंवाईट असणं ही दुसरी. वाईट आहे म्हणून तो नाहीसा होत नाही.

ऑस्टिनचंच वाचायचं तर त्याचं 'बोलणं हीसुद्धा कृती असते' हेही वाचा, फार मस्त आहे.

काना_मात्रा_वेलांटी

निशाचर, तो दुसरा ऑस्टिन! जॉन ऑस्टिन वारला १८५९ ला, आणि बोलण्याची कृतीवाला जे. एल. ऑस्टिन ऑक्सफर्डचा, विसाव्या शतकातला, हार्टचा सहकारी. पेपरात असं लिहिलंत तर शंभर वर्षांचा घोटाळा.

निशाचर

हात जोडले. रात्री दोनला प्रतिसाद लिहू नये हेच खरं.

पाटीपेन्सिल

तत्त्वज्ञान शिकवते त्यामुळे मोठा प्रतिसाद होणार, आधीच माफी.

धागाकर्ते म्हणतात कायदा आणि नीती यांची फारकत ही पळवाट. पण फारकत पहिल्यांदा कुणी हट्टानं मांडली ते बघा. बेंथॅमनं. १७७६ मध्ये तो ब्लॅकस्टोनवर तुटून पडला तेव्हा त्याची तक्रार अशी होती की हा गृहस्थ इंग्लंडचा कायदा समजावून सांगता सांगता त्याची आरतीच करतो. आहे ते सांगतोय की योग्य ते सांगतोय हेच कळू देत नाही. बेंथॅमला कायदा मोडून नव्यानं बांधायचा होता. ज्याला घर दुरुस्त करायचंय त्याला आधी भिंत कुठे कुजलीय ते बघावं लागतं ना, कुजलेली भिंत ही भिंतच नव्हे म्हणून कसं चालेल? नेमानं पाळा आणि मोकळेपणानं टीका करा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे फारकत टीका करता यावी म्हणून होती, टीका टाळायला नाही.

आता उलटी बाजू. गुस्टाव राडब्रुख, जर्मनीत हिटलरच्या आधीच्या वायमार काळात न्यायमंत्री होता, १९३३ मध्ये नाझींनी त्याला प्राध्यापकीवरून काढलं. युद्धानंतर १९४६ मध्ये त्यानं लेख लिहिला. म्हणणं असं की 'कायदा तो कायदा' या शिकवणीनं जर्मन वकील-न्यायाधीशांच्या हातातलं शस्त्रच काढून घेतलं होतं. एरवी कायदा थोडा अन्यायी असला तरी पाळावा, लोकांना काय अपेक्षा ठेवायची ते कळण्यालाही किंमत आहे. पण अन्याय असह्य पातळीला गेला, किंवा समानता पाळायचा प्रयत्नसुद्धा मुद्दाम सोडून दिला, तर त्याला कायदा म्हणायचंच नाही. धागाकर्त्यांचं मत या बाजूचं दिसतंय, फक्त राडब्रुखनं त्यासाठी फार मोठी किंमत मोजली होती.

वकील_नसलेला_वकील

पाटीपेन्सिलताई, छान लिहिलंत. पण राडब्रुखचं निदान मला कधीच पटलं नाही. नाझींना पॉझिटिव्हिस्टांनी मदत केली म्हणे. मग केल्सनचं काय? सगळ्यात कट्टर पॉझिटिव्हिस्ट तोच, कायद्यातून नीती, राजकारण, समाजशास्त्र सगळं गाळून टाका म्हणणारा. १९२० च्या ऑस्ट्रियन राज्यघटनेच्या मसुद्यावर त्याचा हात होता. १९३३ मध्ये कलोनमधली नोकरी गेली, देश सोडायला लागला. आणि त्याला सतत विरोध करणारा कार्ल श्मिट, जो म्हणायचा की नियमांच्या मुळाशी शेवटी कुणाचा तरी निर्णय असतो, आणीबाणी कोण ठरवतो तो खरा सार्वभौम, तो त्याच वर्षी नाझी पक्षात गेला. कलोनमध्ये केल्सनच्या बाजूनं सहकाऱ्यांनी अर्ज केला त्यावर श्मिटनं सही केली नाही.

नाझी न्यायाधीशांनी कायद्याचं अक्षर कुठे पाळलं? त्यांनी तर जुने कायदे नव्या 'भावनेनं' वाचले. अक्षर पाळलं असतं तर काही माणसं वाचली असती.

तिरकस

चला, श्मिट आला म्हणजे राजकारण आलं. धागाकर्ते, तुमच्या पुस्तकात राजकारणाचं प्रकरण नाही कारण पूर्ण पुस्तकच ते आहे. आज बहुमत ज्याच्याकडे, त्याचं मत उद्या कलम होतं. बळी तो कान पिळी, आणि कान पिळायचे नियम राजपत्रात छापून येतात. अमेरिकेतले न्यायमूर्ती होम्ससाहेबांनी १८९७ मध्येच सांगितलं की कायदा कळायचा असेल तर वाईट माणसाच्या नजरेनं बघा. त्याला नीतीशी घेणंदेणं नसतं, कोर्ट माझं काय करेल एवढंच त्याला हवं असतं.

आणि कोर्ट काय करेल हे न्यायाधीशाच्या पोटावर. २०११ चा इस्रायलमधला पॅरोलचा अभ्यास वाचा. सत्राच्या सुरुवातीला साधारण ६५ टक्के अर्ज मंजूर, सुट्टीच्या तोंडावर जवळपास शून्य, खाऊन आले की परत ६५.

निशाचर

त्या अभ्यासावर लगेच टीकाही झाली होती. अर्जांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता, वकील नसलेल्या कैद्यांचे अर्ज सत्राच्या शेवटी यायचे, आणि वकील नसला की मंजुरी कमीच मिळते. भुकेचा परिणाम किती आणि रांगेचा किती, भांडण अजून चालू आहे.

(यावेळी दिवसाउजेडी लिहितोय.)

तिरकस

म्हणजे पोट नाही तर खिसा. माझ्या मुद्द्याला बळकटीच आली, धन्यवाद.

खिडकी_क्रमांक_४

मी कायदा शिकलेलो नाही. एका संस्थेत प्रवेशाच्या खिडकीत बावीस वर्षं काढली, आता रिटायर. तुमचं हे सगळं वाचून एक प्रसंग आठवला, बसतो का बघा.

अर्जाची शेवटची तारीख, वेळ सायंकाळी पाचपर्यंत. पाच वाजले की आवक रजिस्टरमध्ये शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारायची, खाली सही करायची, आणि खिडकी बंद. त्या दिवशी शेवटच्या अर्जाची नोंद करेपर्यंत पाच वाजून गेले. मी तांबडं पेन शोधत होतो, टोपण कुठेतरी पडलं होतं. तेवढ्यात एक मुलगा धापा टाकत आला. सात मिनिटं उशीर. कागद सगळे बरोबर, फी बरोबर, एक झेरॉक्ससुद्धा कमी नाही. भिंतीवरचं आमचं घड्याळ चार मिनिटं पुढे असायचं, म्हणजे खरा उशीर तीन मिनिटांचा. रेघ मारायची राहिली होती. मी अर्ज घेतला, आवक क्रमांक टाकला, आणि मग रेघ मारली.

त्याला प्रवेश मिळाला. कुणाला कळलं नाही. मला मात्र कधी बरं वाटतं, कधी नाही. मी कायदा मोडला का? रेघ तर मारलीच नव्हती.

पाटीपेन्सिल

काका, हा प्रसंग मी वर्गात वापरू का? नाव-गाव काही सांगणार नाही.

हार्टचा मुद्दा याच्याहून स्वच्छ सांगता येणार नाही. तो म्हणतो प्रत्येक नियमाला एक घट्ट गाभा असतो आणि भोवती धूसर कड. दुसऱ्या दिवशी आलेला अर्ज निःसंशय बाहेर, दुपारी तीनचा निःसंशय आत. पण पाच म्हणजे कुठलं पाच? भिंतीवरचं, मनगटावरचं, की रेघेचं? ते नियमात लिहिलेलंच नाही. तिथं नियम संपतो आणि माणसाला ठरवावं लागतं.

वकील_नसलेला_वकील

आणि हार्टशी वाद घालणारा फुलर म्हणेल गाभाबिभा काही नाही, नियम कशासाठी ते आधी सांगा. काका, तुमच्याकडे अर्जांची छाननी कधी सुरू व्हायची?

खिडकी_क्रमांक_४

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. रात्रभर गठ्ठा कपाटातच.

वकील_नसलेला_वकील

मग झालंच! छाननी वेळेत सुरू व्हावी म्हणून ती मुदत. तीन मिनिटांनी त्या हेतूचं काही बिघडलं नाही. हेतू धरला तर अर्ज आतच होता. तुम्ही कायदा मोडला नाहीत, नीट वाचलात.

काना_मात्रा_वेलांटी

सपशेल असहमत. हेतूवर गेलात तर रात्री नऊचा अर्जसुद्धा आत, पहाटेचाही आत, मग पाच कशाला लिहिलं? जोसेफ राझचा मुद्दा हाच आहे की नियमाचा उपयोगच असा, की खिडकीत उभं राहून परत सगळी गोळाबेरीज करायची नाही. ती कुणीतरी आधी करून ठेवलीय. रेघ कुठे मारायची ते रेघ मारणाऱ्यानंच दरवेळी ठरवायचं असेल तर रेघ नको, काकांनाच ठेवा.

काका वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही सज्जन दिसता. पण दुसऱ्या खिडकीत तितका सज्जन नसेल तेव्हा?

अर्धाचमचा (धागाकर्ता)

दोन दिवस कामात होतो, इथं भलतंच रंगलंय. मला एक कळेना. नियम धूसर नसतो तिथं काय? नियम स्पष्ट आहे, आणि स्पष्टपणे भयंकर आहे, तिथं हार्ट काय करतो? माझी 'पळवाट' तक्रार तिथली आहे.

पाटीपेन्सिल

तिथंच तर १९५८ चा प्रसिद्ध सामना झाला, एकाच नियतकालिकाच्या एकाच वर्षाच्या खंडात, आधी हार्टचा लेख, मागोमाग फुलरचं उत्तर. वादातला खटला असा. १९४४ मध्ये एका जर्मन बाईनं रजेवर घरी आलेल्या सैनिक नवऱ्याची चुगली केली की हा हिटलरबद्दल वाईट बोलला. तिला नवरा नको होता. त्याला फाशीची शिक्षा झाली, पण अंमल न होता त्याला आघाडीवर पाठवलं, तो जगला. युद्धानंतर बाईवर खटला. ती म्हणाली, मी तेव्हाच्या कायद्याप्रमाणेच वागले.

राडब्रुखच्या वाटेनं गेलात तर तो कायदा कायदाच नव्हता, म्हणून बाई दोषी. हार्ट म्हणतो, थांबा. हे सोपं उत्तर आहे म्हणून खोटं आहे. तिला शिक्षा हवीच असेल तर उघडपणे मागच्या तारखेपासून लागू होणारा नवा कायदा करा, आणि मान्य करा की असं करणंही वाईटच, पण तिला सोडणं त्याहून वाईट. दोन वाइटांतून एक निवडतोय हे लपवू नका. म्हणजे बघा, हार्टची फारकत हात झटकत नाहीये. 'हा कायदा आहे, आणि तो इतका वाईट आहे की पाळू नये' हे वाक्य म्हणता यायला कायदा आणि बरंवाईट दोन वेगळे शब्द लागतात.

निशाचर

पुरवणी. हार्टनं ज्या वृत्तावर विसंबून खटला मांडला त्यातच चूक होती. कोर्टानं नाझी कायदा नैसर्गिक कायद्याविरुद्ध म्हणून रद्दबातल ठरवून तिला दोषी धरलं नव्हतं. हार्टनं नंतर आपल्या पुस्तकाच्या टिपांमध्ये हे मान्य केलं. तरी वाद शिल्लक आहेच. बर्लिनच्या भिंतीवरून पळणाऱ्यांवर गोळ्या झाडणाऱ्या पहारेकऱ्यांचे खटले एकीकरणानंतर चालले तेव्हा जर्मन कोर्टानं १९९२ मध्ये राडब्रुखचंच सूत्र वापरलं.

तिरकस

आणि खटले चालवले कुणी? जिंकलेल्यांनी. राजकारण.

वकील_नसलेला_वकील

तिरकसराव, तुमच्यासाठी एक मार्क्सवादी आणलाय. ई. पी. थॉम्प्सन, इतिहासकार. इंग्लंडमधला १७२३ चा ब्लॅक ॲक्ट त्यानं तपासला, तोंडाला काळं फासून राखीव रानात हरणं मारणाऱ्यांना फाशी देणारा कायदा. जमीनदारांनी जमीनदारांसाठी केलेला, म्हणजे अगदी तुमच्या मनासारखं उदाहरण. पण १९७५ च्या पुस्तकाच्या शेवटी तो काय म्हणतो? कायदा हा जर ताकदवानांचा मुखवटा असेल तर मुखवट्यालाही चेहऱ्यासारखं दिसावं लागतं. उघडउघड पक्षपाती कायद्यानं कुणीच फसणार नाही. मग कधीकधी तो ताकदवानांच्याच विरुद्ध लावावा लागतो, आणि तेवढी फट गरिबाला पुरते. कायद्याचं राज्य ही निखळ चांगली गोष्ट आहे असं तो म्हणाला आणि त्याचे डावे मित्र भडकले.

तिरकस

हं. हे वाचलं नव्हतं. बघतो.

(कुणी स्क्रीनशॉट काढू नये.)

काना_मात्रा_वेलांटी

काढला.

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. आपली भाषाच बघा या वादात कुठे उभी आहे. कोर्टाला आपण न्यायालय म्हणतो, तिथं बसणारा न्यायाधीश. कायदालय, कायदाधीश कुणी म्हणत नाही. म्हणजे आत काहीही होवो, पाटीवर न्यायच लिहिलेला. आणि त्याच भाषेत 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' अशीही म्हण, तिथं बरोब्बर 'कोर्ट' वापरलंय, न्यायालय नाही!

राजकारणाचंही तेच. हिंदीवाले राजनीती म्हणतात, आपण राजकारण. नीती आपण आधीच बाहेर काढून ठेवलीय.

निशाचर

हाहा, 'नीती आधीच बाहेर काढून ठेवलीय' ला मनापासून +१.

वकील_नसलेला_वकील

वेलांटीपंत, हे भारी होतं. पण धागाकर्त्यांच्या राजकारणाच्या प्रश्नाला मला सगळ्यात चपखल वाटतो तो पाकिस्तानचा किस्सा. केल्सन म्हणतो कायद्याची प्रत्येक पायरी वरच्या पायरीवर उभी असते आणि सगळ्यात वर एक मूलभूत नियम, जो सिद्ध करायचा नसतो, गृहीत धरायचा असतो. क्रांती यशस्वी झाली की जुना मूलभूत नियम गेला, नवा आला. हे त्यानं निव्वळ वर्णन म्हणून लिहिलं होतं. ऑक्टोबर १९५८ मध्ये तिथं लष्करी कायदा लागू झाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं डोसो खटल्यात केल्सनचा आधार घेऊन सांगितलं की यशस्वी झालेलं बंड हेच आता कायद्याचा उगम. नीती-राजकारण गाळून शुद्ध केलेला सिद्धांत, त्याचा पहिला मोठा उपयोग कशाला झाला बघा. १९७२ मध्ये आस्मा जिलानी खटल्यात तो निकाल फिरवला तेव्हा न्यायालयानं म्हटलं की केल्सन चुकीचा लावला गेला.

पाटीपेन्सिल

यात केल्सनचा दोष किती यावर आमच्याकडे दरवर्षी भांडण होतं. मी म्हणते वर्णन करणारा आणि शिक्कामोर्तब करणारा वेगळे. न्यायाधीश खुर्चीत बसून 'हे यशस्वी झालंय' म्हणतो तेव्हा तो बातमी देत नसतो, त्याच्या म्हणण्यानंच ते यशस्वी होण्याला हातभार लागतो. तिथं निशाचरांचा दुसरा ऑस्टिन कामी येतो खरं तर, बोलणं हीच कृती! :)

आणि आपल्याकडचा १९७६ चा जबलपूर खटला विसरू नका. आणीबाणीत जगण्याचा हक्क मागायला कोर्टात येता येईल का? चार न्यायमूर्ती म्हणाले नाही, एकटे न्या. खन्ना म्हणाले की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचं जीवित-स्वातंत्र्य हिरावता येत नाही हे घटनेतल्या कलमाच्या आधीपासूनचं आहे. पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं. २०१७ मध्ये तो बहुमताचा निकाल रीतसर रद्द झाला. आता खन्ना नॅचरल लॉवाले की कायदा नीट वाचणारे? ड्वॉर्किन म्हणेल हा फरकच फसवा आहे, कायद्यात नियमांच्या जोडीला तत्त्वंही असतात आणि ती शोधणं हेच न्यायाधीशाचं काम. त्याचं आवडतं उदाहरण न्यू यॉर्कचं, १८८९ चं. नातवानं मृत्युपत्र बदललं जाईल या भीतीनं आजोबांना विष घातलं आणि वर वारसा मागितला. मृत्युपत्राच्या कायद्यात 'खुन्याला मिळणार नाही' असं कुठेच नव्हतं. बहुमतानं सांगितलं की स्वतःच्या गुन्ह्यातून कुणाला फायदा मिळणार नाही.

तिरकस

आणि ज्या न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं ते काय म्हणाले तेही सांगा ना. खुनाची शिक्षा त्याला झालीये, त्यावर मालमत्ता काढून घेणं ही जास्तीची शिक्षा, आणि ती द्यायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? मला खुनी नातवाचं प्रेम नाही. पण 'तत्त्व' म्हणून काय काय आत येऊ शकतं याची भीती आहे. तुमचं तत्त्व आज छान वाटतंय, उद्या खुर्चीत मी बसलो तर?

काना_मात्रा_वेलांटी

ही भीती खरी आहे हो. लागला ना राझचा मुद्दा पटायला.

गप्पमी

दोन वर्षं नुसती वाचते इथं, पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

खिडकीकाकांचा प्रसंग वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. माझं असंच झालं होतं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या संस्थेत. मी खिडकीपाशी पोचले तेव्हा पाच वाजून दोन मिनिटं. आत माणूस दिसत होता, खाली मान घालून काहीतरी लिहीत होता. काचेवर कागद चिकटवलेला, 'वेळ ५ पर्यंत'. मी टकटक केली नाही. नियम आहे, आपण चुकलो, असं म्हणून परत गेले. फाइल छातीशी धरून बसस्टॉपवर उभी होते ते अजून आठवतं. वर्ष गेलं. पुढे कळलं की माझ्यानंतर आलेल्या एकीचा अर्ज घेतला होता, तिनं काच वाजवली होती.

मला त्या मुलीचा राग नाही. घेणाऱ्याचाही फारसा नाही. मला एवढंच वाटत राहिलं की वाजवलं तर घेतात हे काचेवर लिहिलेलं नव्हतं. ज्याला असं विचारता येतं हे माहीत असतं त्याच्यासाठी पाच म्हणजे सव्वापाच, आणि माझ्यासारखीला पाच म्हणजे पाच.

वकील_नसलेला_वकील

मी वर 'कायदा नीट वाचलात' असं ठामपणे लिहिलं होतं. हे वाचून जरा गप्प बसावंसं वाटतंय.

पाटीपेन्सिल

गप्पमी, तुम्ही फुलरची १९६४ ची गोष्ट सांगितलीत, न वाचता. त्यानं एक रेक्स नावाचा राजा कल्पिला, मनापासून चांगला, कायदा करायला बसतो आणि आठ प्रकारे फसतो. कधी नियमच करत नाही, कधी जाहीर करत नाही, कधी मागच्या तारखेपासून लावतो, कधी न समजणारे, कधी परस्परविरोधी, कधी अशक्य ते मागणारे, कधी रोज बदलणारे. आणि आठवा प्रकार : लिहिलंय एक आणि अंमलदार करतो दुसरं. फुलर म्हणतो हे नुसते कारभारातले गोंधळ नाहीत, कायद्याच्या आतलीच नीती आहे ती. हार्टला ते अजिबात पटलं नाही. तो म्हणाला विष घालणाऱ्याचीही नीटनेटकी पद्धत असते, तिला नीती म्हणाल का? आजवर मी वर्गात हार्टच्या बाजूनं बोलत आले. काचेवरचं पाच आणि आतलं पाच वेगळं असणं ही नुसती गैरसोय नाही, तुमचा विश्वास मोडला, हे मात्र आता टाळता येईना.

खिडकी_क्रमांक_४

गप्पमी ताई, मी तुमच्या संस्थेतला नव्हे. पण आमच्या खिडकीलाही काच होती आणि काचेमागे पडदा होता. रेघ मारली की मी आधी पडदा ओढायचो आणि मग हिशेब लावायचो. बाहेर कोण उभं आहे ते त्यामुळे दिसायचं नाही. त्या दिवशी पेन सापडत नव्हतं म्हणून पडदा उघडा राहिला, म्हणून तो मुलगा दिसला. एवढंच.

बावीस वर्षांत पडद्याबाहेर किती जण उभे होते याचा हिशेब रजिस्टरमध्ये नाही.

तिरकस

काका, याला मला तिरकस उत्तर सुचत नाहीये.

निशाचर

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे कुणीतरी वळा, त्यांचा पेपर आहे. माझा क्रम : आधी फुलरची १९४९ ची गुहेतल्या शोधकर्त्यांची काल्पनिक केस. अडकलेले लोक जगण्यासाठी एकाला खातात, पाच न्यायाधीश पाच मतं देतात, वाचायला एक संध्याकाळ पुरते. तिच्याबरोबर १८८४ चा डडली आणि स्टीफन्सचा खराखुरा खटला, बोटीतल्या पोराला मारून खाल्लं तो. मग १९५८ चे दोन्ही लेख पाठोपाठ. हार्टचं १९६१ चं पुस्तक त्यानंतर, आणि ड्वॉर्किन शेवटी, नाहीतर तो कुणाशी भांडतोय तेच कळत नाही. गाइड आधी उघडू नका.

पाटीपेन्सिल

सहमत, फक्त एक भर. प्रत्येक केस वाचली की निकाल झाकून दोन्ही बाजूंनी एकेक पान स्वतः लिहा. ज्या बाजूनं लिहिताना हात थांबतो ती बाजू परत वाचा.

अर्धाचमचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. 'पळवाट' हा शब्द मागे घेतो, अर्धा. फारकत करणारा पळत नाही हे पटलं. पण फारकत करून झाल्यावर पुढचा प्रश्न विचारायचं बरेचजण विसरतात, तेवढी अर्धी तक्रार ठेवतो. राजकारणाचं मात्र अजून नीट बसलेलं नाही. डोसो आणि थॉम्प्सन एकाच डोक्यात ठेवायला जागा करतोय.

काल रात्री काकांच्या खिडकीवर दोन पानं लिहिली. मुलाच्या बाजूनं सरसर झालं. मग गप्पमींच्या बाजूनं लिहायला बसलो, तर पहिलंच वाक्य तीनदा खोडलं. ती मुलगी वाजवत नाही, त्यामुळे तिची केसच कोर्टात येत नाही. तिच्या बाजूनं अर्ज कुठे करायचा तेच सुचेना.

काना_मात्रा_वेलांटी

तेच लिहा पेपरात. आणि विधीशास्त्र नाही, विधिशास्त्र, वि ऱ्हस्व, धि ऱ्हस्व.

अर्धाचमचा (धागाकर्ता)

मी ते कुठेच लिहिलेलं नाहीये पंत, सगळीकडे ज्युरिसप्रुडन्स लिहिलंय.

काना_मात्रा_वेलांटी

आगाऊ सूचना होती. मागच्या तारखेपासून लावणार नाही.